‘कर्ता अज्ञात’ असे लिहिण्यापूर्वी

प्रति,
महाराष्ट्रातील कलासंग्रहालयांचे विश्वस्त व अभिरक्षक, तसेच कलाप्रदर्शनांच्या निवड समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुले माझ्या हाताखालून गेली, आणि त्यांना स्मरणचित्र व संकल्पचित्र यांतला फरक समजावून सांगताना कला कशाला म्हणावे हा प्रश्न मलाही अधूनमधून पडत असे; मात्र तो कागदापुरता पडे. कापडाच्या बाबतीत तो निवृत्तीनंतर पडला, आणि तो माझ्यापुढे ठेवला माझ्या थोरल्या काकूंनी.

आमचे मूळ गाव १९७० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले. नुकसानभरपाईच्या यादीत खातेदार म्हणून जी नावे होती ती सगळी पुरुषांची होती, कारण सातबाऱ्यावर बायकांची नावे नव्हती, आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याचे घर बुडाले तरी कागदोपत्री त्याचे काहीच बुडत नाही. काकूंनी वयाच्या सत्तरीत एक गोधडी शिवायला घेतली. तीत जुन्या गावठाणाचा नकाशा आहे: नदी, घाट, चावडी, दोन विहिरी आणि ४१ घरे. त्यातले प्रत्येक घर त्या घरातल्या बाईच्या लुगड्याच्या किंवा पातळाच्या तुकड्याचे आहे. हे तुकडे काकूंनी सहा-सात वर्षे लग्नकार्यांत, दहाव्या-तेराव्याला, पुनर्वसनाच्या वसाहतींत फिरून मागून आणले. महारवाड्यातली नऊ घरे सरकारी नकाशात गावठाणाच्या रेषेबाहेर होती. गोधडीत ती रेषेच्या आत आहेत आणि पाटलांच्या वाड्याएवढ्याच मापाची आहेत. टाका साधाच, धावदोरा, चारही कडांनी आत वळत वळत मध्यापर्यंत येणारा. पण नदीजवळ तो इतका दाट होत जातो की बुडीत रेषेखालचे सगळे कापड आखडून सुरकुतले आहे. पाण्याखालचा भाग डोळे मिटून हात फिरवला तरी वेगळा लागतो.

काही वर्षांपूर्वी ही गोधडी, सोबत पानभर टिपण जोडून, मी एका कलाप्रदर्शनासाठी पाठवली. कोणत्या, हे सांगण्याची गरज नाही, कारण दुसरीकडे पाठवली असती तरी बहुधा तेच झाले असते. निवड समितीने ती ‘हस्तकला’ म्हणून बाजूला काढली आणि उद्घाटनाच्या दिवशी ती आम्हाला आवारातल्या विक्रीच्या मांडवात, पापड आणि कापडी पिशव्या यांच्या शेजारी टांगलेली सापडली. टिपण हरवले होते. त्याच्या जागी टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर ‘पारंपरिक गोधडी, सुती, डबल’ असे लिहिलेले होते आणि खाली किंमत होती. पापडांविषयी माझी तक्रार नाही. ते उत्तम होते. काकूंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, ‘‘डबल कुठली? एकेरीच आहे की ही.’’ त्यानंतर त्यांनी गोधडी घडी घालून काखेत मारली आणि आम्ही परतलो.

त्या चिठ्ठीविषयीच हे पत्र आहे. आपल्यापैकी अनेकांना ती वेंधळेपणाची एक किरकोळ घटना वाटेल. मला मात्र तीत आपल्या सर्वांच्या नोंदवहीची सवय दिसते. एखादे विधान हे विधान ठरते ते कोणी, केव्हा आणि कोणाला उद्देशून केले हे ठाऊक असते तेव्हा. काकूंची गोधडी नुकसानभरपाईच्या यादीला दिलेले उत्तर आहे; ती यादी सांगितली नाही, बाईचे नाव सांगितले नाही आणि गाव कोणत्या दशकात बुडाले हे सांगितले नाही, तर खाली उरतात फक्त रंगीत चौकोन. ‘पारंपरिक’ हा शब्द आदराने वापरला जातो याची मला कल्पना आहे, परंतु तो वापरताच वस्तूला वर्ष राहत नाही, आणि ‘लोककला’ म्हटले की तिला माणूस राहत नाही. ज्या वस्तूला वर्ष नाही आणि माणूस नाही, तिला राजकीय मत असणार तरी कसे? हाताने केलेल्या कामाला कला मानायचे की नाही, आणि त्यात राजकारण असते की नाही, हे दोन प्रश्न आपल्याकडे वेगवेगळ्या परिसंवादांत चर्चिले जातात. माझ्या मते ते दोन्ही त्या चिठ्ठीपाशी एकत्र येतात.

या बाबतीत चिली देशातील गोणपाटाची गोष्ट आपल्यासमोर सविस्तर ठेवावीशी वाटते. तेथे गोणपाटाला ‘आर्पियेरा’ म्हणतात आणि त्यावर कापडाचे तुकडे शिवून केलेल्या चित्रालाही तेच नाव आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले आणि जनरल पिनोशे यांची राजवट सुरू झाली. हजारो माणसे पकडली गेली, कित्येकांचा पत्ता पुन्हा लागला नाही. त्यांच्या आया, बायका, बहिणी तुरुंगांच्या आणि शवागारांच्या दारांत एकमेकींना भेटू लागल्या. सांतियागोमध्ये चर्चच्या आश्रयाने त्यांचे शिवणगट उभे राहिले. १९७६ मध्ये कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी स्थापन केलेली ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था त्यांची चित्रे विकत घेई आणि परदेशी पाठवी. घरातला कमावता माणूस गेलेला असल्याने या पैशांवर चुली पेटत होत्या, म्हणजे ही वस्तू बाजारासाठीच केलेली होती. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, वृत्तपत्रांत जे छापता येत नव्हते ते तिच्यावर शिवले जात होते. वर अँडीज पर्वत आणि लख्ख सूर्य, खाली रांगेत घरे, सार्वजनिक भटारखान्याचे मोठे पातेले, पोलिसांची गाडी, आणि हातात छायाचित्र धरलेल्या बायका, ज्यांच्या फलकावर धाग्याने लिहिलेले असे: ‘ते कुठे आहेत?’ काही चित्रांत बेपत्ता माणसाच्या सदऱ्याचा तुकडाच वापरलेला असे.

आता आपल्या कामाशी थेट संबंधित असलेला तपशील. यांतल्या बहुतेक चित्रांवर सही नाही. सही केली असती तर पोलीस घरी आले असते. पण अनेक चित्रांच्या पाठीमागे एक इवलासा खिसा शिवलेला असे आणि त्यात चिठ्ठी असे: या चित्रात काय आहे, ते करणारीचा कोण हरवला आहे. जीव वाचवण्यासाठी नाव लपवावे लागले त्या बाईनेही आपले म्हणणे सांगणारी चिठ्ठी वस्तूपासून वेगळी होऊ दिली नाही, ती कापडालाच शिवून टाकली. आमच्या टिपणाचे काय झाले ते मी वर लिहिलेच आहे. पुढच्या वेळी मीही खिसाच शिवणार आहे.

या बायकांच्या आधी, १९६४ मध्ये, चिलीच्याच व्हिओलेता पार्रा यांच्या आर्पियेरांचे प्रदर्शन पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्यातील शोभनकलांच्या संग्रहालयात झाले होते. त्या गायिका म्हणून प्रसिद्ध होत्या आणि त्यांचे नाव चित्राखाली होते. गोणपाट तेच, सुई तीच. एका कामाला नाव होते म्हणून ते कलादालनात टांगले गेले, आणि दुसऱ्याला नाव घेण्याची चोरी होती म्हणून ते बराच काळ ‘मदतकार्यातील वस्तू’ म्हणून ओळखले गेले. आज अनेक देशांतली संग्रहालये ती चित्रे जपतात आणि त्या खिशांतल्या चिठ्ठ्यांसह जपतात.

परदेशाची उदाहरणे दिली की आपल्याकडचे राजकारण वेगळे, असे उत्तर मिळते. तसे असेल तर बेळगावकडे पाहू. डिसेंबर १९२४ मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन ठरले. त्यात सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुताच्या रूपाने घेण्याची योजना मान्य झाली: वर्षाला २४,००० वार सारखे कातलेले सूत, स्वतः कातलेले किंवा काही कारणाने ते जमत नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेले. अर्थातच वकील मंडळींनी दुसरा पर्याय आनंदाने स्वीकारला. पुढच्याच वर्षी ही अट सैल झाली, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, आणि सूत पक्षाच्या दप्तरातून भांडारात गेले. तरीही काही महिने या देशात हाताने केलेले काम ही काँग्रेसच्या सभासदाची ओळख होती, आणि ‘सारखे’ या एका शब्दाने त्याला दर्जाची कसोटीही लावलेली होती. हाताचे काम, राजकारण आणि गुणवत्ता या तीन गोष्टी एका ठरावात बसवणारे आपण, त्यांना एका चिठ्ठीवर बसवायला कचरतो.

फैजपूर तर आपल्या जळगाव जिल्ह्यातलेच. १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तेथे झाले आणि त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतले. नंदबाबूंनी बांबू, तट्टे, गवत अशा आसपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी ते नगर उभे केले. तो मांडव हे एक राजकीय विधान होते, हे कोणी नाकारणार नाही: सत्ता शहरातल्या दगडी इमारतीत राहते हा समज त्याने बांबूने खोडून काढला. कलेच्या इतिहासात त्याची नोंद आहे आणि ती नंदलाल बोस यांच्या नावावर आहे, जे योग्यच आहे. मात्र तट्टे विणणारे कोण होते, हे इतिहास सांगत नाही. खादीचेही असेच झाले. तिने चरख्याला राजकारण दिले, पण कातणारणीला नाव दिले नाही; वस्त्र राष्ट्राचे झाले आणि कातणारी ‘भगिनी’ झाली. मी खादी वापरते, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

ध्वजाचा उल्लेख ओघाने आलाच. राष्ट्रध्वज हातकताई आणि हातविणाईच्या कापडाचाच असावा, असा नियम अनेक दशके होता आणि त्या कापडाचे व ध्वजांचे काम आपल्या नांदेडलाही होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावर केलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही मान्य झाला. घरोघरी ध्वज पोहोचवायचे तर ते स्वस्त हवेत, हा युक्तिवाद मला समजतो. पण त्या दुरुस्तीपर्यंत ध्वजाचा धागा स्वतःच काही सांगत होता आणि आता तो फक्त रंग धरून ठेवतो, हे आपल्यापैकी किती जणांनी कलेचा प्रश्न म्हणून पाहिले?

कला आणि कारागिरी ही फारकत आपल्या मातीतली आहे, असेही सांगितले जाते. यात निम्मेच तथ्य आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तेव्हा तिच्यामागे देशी कारागिरी सुधारण्याचा हेतू होता. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले तेही उद्योग आणि हुन्नर यांचे प्रदर्शन म्हणून. पुढे चित्र आणि मूर्ती यांचा मान वाढत गेला, धातुकाम, विणकाम, लाकूडकाम यांच्यासाठी कलाशाळेच्या आवारातच वेगळ्या कार्यशाळा झाल्या, आणि चित्रकार व कारागीर यांच्या वाटा एका फाटकातून आत जाऊन फुटल्या. हा झाला वासाहतिक भाग. उरलेले निम्मे मात्र आपलेच आहे आणि ते अधिक जुने आहे. बलुतेदारीत हुन्नर जातीला चिकटलेला होता. चांभाराचे, कुंभाराचे, मांगाचे काम हे त्या एका माणसाची निर्मिती न मानता त्याच्या जातीचे कर्तव्य मानले जाई, आणि कर्तव्यावर कोणी सही करत नाही. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये सांगितले. संग्रहालयातल्या दालनांची विभागणी त्याच चष्म्यातून पाहावी, अशी माझी आपणांस विनंती आहे: तैलचित्राखाली व्यक्तीचे नाव आणि टोपलीखाली जमातीचे.

अलीकडचेच उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला त्या कुठल्या, हे सांगितले नाही. महाराष्ट्रभर संताप झाला, न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, आणि कंपनीला या चपलांचे मूळ मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी, आणि आपला राग रास्त होता. मीही रागावले होते. नंतर मनात आले की आपल्या स्वतःच्या काचपेट्यांतल्या चपलांखाली कोणाचे नाव आहे? जिल्ह्याचे. दुसऱ्याने जिल्ह्याचे नाव घेतले नाही म्हणून आपण चिडतो आणि आपण माणसाचे नाव घेत नाही याचे आपल्याला काही वाटत नाही.

नाव घेतल्याने काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले जीज बेंड पाहावे. नदीच्या वळणात अडकलेली ही वस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या शेतमजुरांच्या वंशजांची. तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांतून पांघरुणे शिवत, अगदी आपल्या वाकळीसारखी. १९६० च्या दशकात त्या मतदारनोंदणीसाठी पुढे आल्या तेव्हा पैलतीरावरच्या तालुक्याच्या गावी नेणारी होडी बंद करण्यात आली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. नोंदणी केली म्हणून अनेकांचा रोजगार आणि घरे गेली. १९६६ मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही शिवणकाम सहकारी संस्था काढली. पांघरुणांवर घोषणा नव्हत्या; मतदानाचा हक्क मागणाऱ्या बाईला कोणाच्या मळ्यावर अवलंबून राहावे लागू नये, हेच त्या शिवणीचे राजकारण होते. २००२ मध्ये ही पांघरुणे ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर चढली, प्रत्येकीच्या नावासह. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेले पांघरूण आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. फिकट निळ्या आणि करड्या पट्ट्या, गुडघ्यापाशी विटलेल्या विजारी. त्याखालच्या चिठ्ठीतले वर्ष आणि नाव काढून टाका, म्हणजे ते ‘अमेरिकन पारंपरिक पांघरूण, सुती, डबल’ होईल.

अर्थात भिंतीवर चढल्याने सगळे सुरळीत झाले असे नाही. २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींनी आपल्या नमुन्यांच्या हक्कांवरून आणि पैशांवरून दावे दाखल केले, ते पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. नाव लिहिले की हिशेब मागायला माणूस उभा राहतो. नाव न लिहिण्यामागे कधीकधी हेही कारण असावे, अशी शंका मला येते, आणि ती मी लपवत नाही.

आपल्या देशातले याच जातीचे एक काम सांगून पुढे जाते. बिहारमध्ये मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा परिसरात ‘सुजनी’ शिवतात: जुन्या साड्यांचे थर आणि धावदोरा, म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी मावसबहीण. पूर्वी ती नव्या बाळासाठी शिवली जाई. १९८८ नंतर एका स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने तेथील बायकांनी तीत स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग शिवायला सुरुवात केली: हुंडा, दारूडा नवरा, मुलीचा गर्भ, पंचायतीत बोलायला उभी राहिलेली बाई. बाळाच्या दुपट्यावर स्त्रीभ्रूणहत्येचे चित्र शिवणे, हे माध्यमाचे इतके अचूक भान आहे की कोणत्याही कलाशाळेच्या पदवीधराला ते सुचले असते तर आपण त्याला वैचारिक कलाकृती म्हणून पुरस्कार दिला असता.

आता आपल्या मनात येणाऱ्या आक्षेपाकडे वळते. मग काय प्रत्येक गोधडी, प्रत्येक दोरखंड आणि प्रत्येक केरसुणी कला मानायची? नाही. मी शिक्षिका होते आणि मी मुलांना नापासही केले आहे. बहुतेक गोधड्या ऊब देण्यासाठी शिवलेल्या असतात, तेवढेच त्यांचे काम आहे आणि ते लहान काम नाही. त्यांच्यावर जबरदस्तीने निषेध लादणे, हा आणखी एक अन्याय होईल. शिवाय राजकीय मजकूर असल्याने कोणतेही काम आपोआप चांगले होत नाही. घोषणा भरतकामात लिहून चौकटीत बसवलेले बरेच नमुने अलीकडे पाहण्यात येतात; त्यांतले पुष्कळसे फलकावरही तितकेच चालले असते, म्हणजे सुई तिथे उगाच राबली. माझी कसोटी साधी आहे: जे सांगितले आहे ते या कापडाशिवाय, या टाक्याशिवाय तितकेच सांगता आले असते का? काकूंच्या गोधडीत पाण्याखालचा भाग आखडतो, तिथे सांगणे आणि टाका वेगळे काढता येत नाहीत. अशी कसोटी आपण लावावी, कडक लावावी, आणि त्यात जे उतरणार नाही ते नाकारावे. फक्त नाकारताना त्याचे कारण कापड हे असू नये.

कापड टिकत नाही, त्याला कसर लागते, उजेडाने रंग उडतात, हा दुसरा आक्षेप व्यवस्थापनाचा आहे आणि त्याची उत्तरे आपल्याच खात्यातल्या जाणकारांना ठाऊक आहेत: ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको, घड्या बदलत राहाव्यात, वस्तू आलटून पालटून मांडावी. जलरंगातल्या चित्रांसाठी हे सारे आपण विनातक्रार करतो.

माझे मागणे मोठे नाही, त्याला नवी इमारत लागत नाही. वस्तू स्वीकारताना करणाऱ्याचे नाव, गाव, वर्ष आणि ती का केली याविषयी त्याचे वा तिचे स्वतःचे शब्द, तिच्याच बोलीत, नोंदवून घ्यावेत. अनेक जणींनी मिळून केली असेल तर सगळ्यांची नावे लिहावीत, मग चिठ्ठी लांबली तरी चालेल. १९१२ मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांनी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात एका रुमालावर ६६ सह्या भरतकामात घातल्या. एका रुमालावर एवढी नावे मावली, तर आपल्या फलकावर का मावू नयेत? नाव उघड करायचे नसेल तर तसे म्हणण्याचा अधिकार करणारीला असावा आणि तोही नोंदवावा. निवड समितीत निदान एक व्यक्ती अशी असावी जिच्या बोटांना सुई, वाख किंवा आरी ठाऊक आहे. प्रवेशिकेवर ‘माध्यम’ या रकान्यात तैलरंग, ब्राँझ यांच्याबरोबरीने जुनेर व सुती दोरा असे लिहिता यावे, आणि ते लिहिल्यामुळे अर्ज दुसऱ्या टेबलावर जाऊ नये.

आणि एक शब्द बदलावा. आपल्या संग्रहांत ज्या हजारो वस्तूंपुढे ‘कर्ता अज्ञात’ असे लिहिलेले असते, त्यांतल्या कित्येक वस्तू ज्या दिवशी विकत घेतल्या गेल्या त्या दिवशी करणारा समोर उभा होता, पैसे मोजून घेत होता. तो अज्ञात नव्हता; त्याला विचारले गेले नाही. अशा ठिकाणी ‘नाव विचारले नाही’ असे लिहावे. हा शब्दप्रयोग संग्रहालयाला खटकेल, हे मला दिसते आहे. पण तो खरा आहे, आणि खटकला तर पुढच्या खरेदीच्या वेळी कोणीतरी विचारेल.

गोधडी सध्या माझ्याकडे आहे, कडुनिंबाचा पाला घातलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि पावसाळ्यापूर्वी, आम्ही ती सावलीत पसरतो. काकू आता ८६ वर्षांच्या आहेत, डोळ्यांना कमी दिसते, पण बोटांनी चाचपून कोणते घर कोणाचे हे सांगतात. ४१ पैकी ३४ घरांची नावे मी उतरवून घेतली आहेत. सात राहिली आहेत, कारण त्यांतली काही नावे सांगताना त्या मध्येच थांबतात आणि मग चहाचे आधण ठेवायला सांगतात. काकूंचे नाव मी या पत्रात लिहिलेले नाही. ते कोठे लिहिले जावे हे त्या ठरवतील, आणि त्यांचे म्हणणे असे आहे की आधी बघायला येणाऱ्याने समोर बसून विचारावे. आपल्यापैकी कोणाला यायचे असल्यास मृग लागण्यापूर्वी यावे, म्हणजे गोधडी बाहेर काढलेली असेल.

कळावे,
आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका